जिवतीचा कागद

आषाढी अमावास्या जवळ आली कीं पूजासाहित्याच्या दुकानांत जिवतीचे कागद टांगलेले दिसूं लागतात. वर स्तंभांतून प्रकटलेला नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्यें अंगाखांद्यावर लेंकुरें खेळविणाऱ्या जरा व जिवंतिका, आणि तळाशीं हत्तीवर बुध व वाघावर बृहस्पति, असा हा सारा परिवार.

देव्हाऱ्यांत मूर्ति असतां भिंतीवर कागद कशाला, असें मला पूर्वीं वाटे. महाभारताच्या सभापर्वांत त्याचें उत्तर सांपडतें. मगधाधिप बृहद्रथाच्या दोन राण्यांस अर्धें-अर्धें मूल झालें. टाकून दिलेलीं तीं शकलें जरा राक्षसीनें सांधलीं व तें जिवंत बाळ राजास दिलें. तोच जरासंध. ‘माझें लेंकुरांसह चित्र जो भिंतीवर भक्तीनें काढील त्याची भरभराट होईल,’ अशा आशयाचें वचन ती तेथें राजास सांगते. तेव्हां छापखाना येण्यापूर्वींही जिवती भिंतीवरचीच!

छापण्याची कला आपल्याकडे फार जुनी नव्हे. इसवी सन १८०५ मध्यें मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली; पुढें शिळाछाप आला, आणि १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनीं पुण्यास चित्रशाळा काढली. हल्लींचे कागद यंत्रावर झरझर निघतात. गतवर्षीं आणलेल्या कागदावर बृहस्पतीचा वाघ मांजरासारखा दिसत होता. नकलेवरून नक्कल उतरविणारास त्याचें काय सोयरसुतक?

तें पाहून नववींतली आमची नात म्हणाली, “आजोबा, मीच करतें.” लिनोलियमचा तुकडा आणून ती चार दिवस कोरीत बसली. जो भाग पांढरा हवा तो खणून काढावयाचा, उरलेल्या उंचवट्यावर रुळानें शाई फिरवावयाची, वर कागद ठेवून पळीच्या पाठीनें घोटावयाचा. पहिला ठसा निघाला तों ‘जिवती’ हीं अक्षरें उलटीं, आणि बुध-बृहस्पतींनीं बाजू बदललेल्या! ठशावर सारें उलटें कोरावें लागतें, हें ती त्या दिवशीं शिकली. (मास्तर असून मलाही आधीं सुचलें नाहीं.) तिनें दुसरा तुकडा घेतला.

“आजी, मुलं किती काढूं?” तिनें विचारलें.

“तीन काढ,” घरांतून उत्तर आलें.

आम्हांस मुलें दोन. तिसरें चाळीस वर्षांपूर्वीं अकराव्या दिवशीं गेलें. त्याचा विषय आमच्या घरीं निघत नसे. पोरीनें कांहीं विचारलें नाहीं. तीन कोरलीं.

बारा ठसे निघाले. ओसरीवर दोरी बांधून ते वाळत घातले, तेव्हां शेजारच्या बाया पाहावयास आल्या आणि अकरा घेऊन गेल्या. श्रावणांतल्या पहिल्या शुक्रवारीं आमच्या मंडळींनीं पुरणाचे दिवे करून नातीस ओवाळलें. परगांवीं असलेल्या मुलासाठीं चारी दिशांस अक्षता टाकल्या, आणि मग थोडें थांबून एक चिमूट वरच्या दिशेसही टाकली.

श्रावण संपल्यावर कागदाचें विसर्जन करावयाचें असतें. त्याला आतां वर्ष होत आलें. दुकानांत नवे कागद लागले आहेत, आणि आमचा जुना अजून भिंतीवरच आहे.