पदकाच्या पुढचा सन्मान

चांद्रयान-३ चे विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले आणि २०२४ पासून तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होऊ लागला. या निमित्ताने देशभर स्पर्धा होतात; रोबोटिक्स आणि हॅकॅथॉनमधील विजेत्या विद्यार्थ्यांचा गौरव होतो. विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभांतही एरोस्पेस शाखेची सुवर्णपदके दिली जातात. छायाचित्रे प्रसिद्ध होतात, अभिनंदनाचे संदेश फिरतात. हे सारे योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की व्यासपीठावरून खाली उतरल्यावर त्या विद्यार्थ्याच्या हाती पदकाखेरीज काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर विद्यार्थ्यांनी घडवलेल्या उपग्रहांचा इतिहास पाहावा. अण्णा विद्यापीठाचा चाळीस किलो वजनाचा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी अवकाशात गेला. भारतीय विद्यापीठात घडलेला तो पहिला उपग्रह. पुढच्याच वर्षी, १२ जुलै २०१० रोजी, बेंगळुरू आणि हैदराबाद येथील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्टुडसॅट’ कक्षेत पोहोचला. त्याचे वजन एक किलोहूनही कमी होते. त्यानंतर कानपूरच्या आयआयटीचा ‘जुगनू’ आला, पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आला, मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ आला.

यांपैकी ‘प्रथम’ची कथा विशेष बोलकी आहे. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजण्यासाठी योजलेल्या या उपग्रहाचे काम विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये हाती घेतले. पीएसएलव्ही-सी३५ मधून त्याचे उड्डाण झाले २६ सप्टेंबर २०१६ रोजी. ज्यांनी पहिल्या आकृत्या काढल्या, ते तोवर केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. त्यांच्याकडून सूत्रे घेणारेही गेले होते. त्याच वर्षी २२ जूनला उडालेल्या ‘स्वयम्’मागेही विद्यार्थ्यांच्या अशाच एकामागून एक तुकड्या उभ्या होत्या. सुमारे एक किलोचा तो उपग्रह अंगभूत चुंबकाच्या आधारे, होकायंत्राच्या सुईप्रमाणे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी स्वतःला जुळवून घेई. त्यासाठी वीज खर्च करावी लागत नसे. कल्पना ऐकायला सोपी वाटते. ती सिद्ध करण्यासाठी मात्र गणिते, चाचण्या आणि इस्रोच्या तज्ज्ञांसमोरची परीक्षणे यांत वर्षे गेली.

आपल्या गौरवपद्धतीचे न्यून येथे उघड होते. पदक एका व्यक्तीला आणि एका वर्षासाठी दिले जाते. एरोस्पेसचे काम मात्र अनेकांचे आणि अनेक वर्षांचे असते. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी गुणपत्रिकेत दिसतो. रात्री अकरा वाजता प्रयोगशाळेत सोल्डरिंग तपासणारी विद्यार्थिनी, कंपन चाचणीत निखळलेला जोड शोधून काढणारा तंत्रकुशल मुलगा, पुढच्या तुकडीला उपयोगी पडावी म्हणून प्रत्येक बिघाडाची काटेकोर नोंद ठेवणारा विद्यार्थी, हे कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाहीत. उपग्रह उडतो तो त्यांच्यामुळे.

दुसरे न्यून निवडीच्या वर्तुळाचे. गुणवंतांचा शोध बहुधा नामांकित संस्थांच्या आवारातच संपतो. देशाच्या अवकाश कार्यक्रमाची धुरा वाहणाऱ्यांचे मार्ग पाहिले, तर हे वर्तुळ किती अपुरे आहे ते कळते. चांद्रयान-३ चे प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल हे विळुपुरमच्या एका रेल्वे तंत्रज्ञाचे पुत्र; त्यांचे तांत्रिक शिक्षण पॉलिटेक्निकच्या पदविकेपासून सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झालेले व्ही. नारायणन यांनीही आधी यंत्र अभियांत्रिकीची पदविकाच घेतली होती. खरगपूरच्या आयआयटीत ते त्यानंतर गेले. आदित्य-एल१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी तिरुनेलवेलीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकल्या. अठराव्या-विसाव्या वर्षी केवळ संस्थेचे नाव पाहून देशातील होतकरू विद्यार्थ्यांची यादी केली असती, तर यांतील किती जणांना तीत स्थान मिळाले असते?

याचा अर्थ पुरस्कार आणि शिष्यवृत्त्या निरर्थक आहेत, असा नाही. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा अब्दुल कलाम यांच्या घरी शुल्कापुरतेही पैसे नव्हते. बहीण झोहरा यांनी सोन्याचे दागिने गहाण ठेवून ती रक्कम उभी केली. पुढे विमानाच्या आराखड्याचे काम रखडले, तेव्हा प्राध्यापक श्रीनिवासन यांनी तीन दिवसांची मुदत दिली आणि ते पूर्ण न झाल्यास शिष्यवृत्ती बंद होईल असे बजावले. कलामांनी अहोरात्र बसून आराखडा पुरा केला. त्या तरुणासाठी शिष्यवृत्ती हा अलंकार नव्हता. शिक्षण चालू राहणे तिच्यावर अवलंबून होते. आजही छोट्या गावातील एखाद्या मुलीला ‘विमान अभियांत्रिकी घेऊन पुढे काय करणार’ असे घरी विचारले जाते, तेव्हा राष्ट्रीय पातळीवरील एक प्रशस्तिपत्र तिच्या बाजूने बोलू शकते. म्हणून पदके असावीतच. ती प्रवासाची सुरुवात ठरावीत, सांगता ठरू नयेत.

एरोस्पेसच्या विद्यार्थ्याचा खरा सन्मान कसा असतो, याचे उदाहरण देशातच आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर निरुपयोगी होऊन फिरत राही. त्याच टप्प्याला सौरपट आणि स्थैर्याची व्यवस्था देऊन इस्रोने त्याचे प्रयोगांसाठीचे व्यासपीठ केले. ‘पोएम’ या नावाने ते जून २०२२ मध्ये प्रथम वापरात आले. १ जानेवारी २०२४ रोजी तिरुवनंतपुरमच्या एलबीएस महिला तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थिनींनी घडवलेले ‘वीसॅट’ याच व्यासपीठावरून अवकाशात गेले. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात अशा प्रयोगांची संख्या २४ होती. त्यांत मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पाठवलेल्या पालकाच्या पेशी होत्या आणि बेंगळुरूच्या आरव्ही अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जिवाणूंवरील प्रयोग होता. आपण बनवलेल्या उपकरणाने कक्षेतून पाठवलेली माहिती पडद्यावर वाचणे, याहून मोठे प्रशस्तिपत्र विद्यार्थ्याला कोणते मिळणार?

सन्मानात दुसऱ्या संधीचाही समावेश असायला हवा. देशभरातील शाळकरी मुलींनी सिद्ध केलेला ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीच्या पहिल्याच उड्डाणात चुकीच्या कक्षेत सोडला गेला आणि वाया गेला. त्यात मुलींचा काहीच दोष नव्हता. अवघ्या सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, ‘आझादीसॅट-२’ व्यवस्थित कक्षेत पोहोचला. अपयशानंतर पुन्हा उभे राहण्यासाठी जागा मिळते, हा धडा त्या मुलींना कोणत्याही पारितोषिक समारंभात मिळाला नसता. महाविद्यालयीन संघांनाही असाच धडा मिळायला हवा.

म्हणून गौरवाची रचना थोडी बदलावी लागेल. वैयक्तिक पदकांइतकेच महत्त्व संघाला द्यावे, आणि प्रकल्प सुरू करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची नावेही उड्डाणाच्या दिवशी अधिकृत नोंदीत असावीत. पुरस्काराच्या रकमेपेक्षा निर्वात कक्षातील आणि कंपन चाचणी यंत्रावरील तास, प्रवासखर्च आणि अनुभवी मार्गदर्शक हे अधिक मोलाचे ठरतात. इन-स्पेसमार्फत इस्रोच्या सुविधा बिगरसरकारी संस्थांसाठी खुल्या झाल्या आहेत. त्यांचा ठरावीक वाटा जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांसाठी आणि पॉलिटेक्निकसाठी राखून ठेवता येईल.

शेवटचा मुद्दा रोजगाराचा. इस्रोची वेतनश्रेणी समजताच आयआयटीतील अनेक उमेदवार भरतीच्या सादरीकरणातून उठून गेले, असे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीच एकदा सांगितले होते. त्या तरुणांना बोल लावणे सोपे आहे. परंतु पदक देताना पाठ थोपटणारी व्यवस्था नोकरी देताना हात आखडता घेत असेल, तर गुणवत्ता अन्यत्र जाणारच. आशेची बाजूही आहे. मद्रास आयआयटीच्या आवारात वाढलेल्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ रोजी त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या इंजिनासह चाचणी उड्डाण केले. उपग्रह क्षेत्रातील पिक्सेल ही कंपनी पिलानीच्या बिट्समधील दोन विद्यार्थ्यांनी स्थापन केली. अशा उद्योगांत आणि इस्रोत पुरस्कारप्राप्त विद्यार्थ्यांना निश्चित मुदतीचे प्रशिक्षण व सन्मान्य विद्यावेतन मिळाले, तर प्रयोगशाळा आणि कारकीर्द यांमधली दरी पुष्कळ कमी होईल.

येत्या २३ ऑगस्टला विजेत्यांची नावे पुन्हा वाचली जातील. टाळ्या वाजतील, वाजाव्यातही. त्या यादीतील प्रत्येक नावापुढे पारितोषिकाच्या रकमेसोबत एखाद्या उड्डाणाची तारीखही लिहिलेली असेल, तर त्या टाळ्या सार्थ ठरतील.

#राष्ट्रीय_अंतराळ_दिन #विद्यार्थी_उपग्रह