सल्लागारांसाठी दार खुले, भिस्त परीक्षेवर

मुंबई : देशातील डिमॅट खात्यांनी 18 कोटींचा टप्पा केव्हाच ओलांडला, ‘सेबी’कडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागारांची संख्या मात्र एक हजाराच्या आसपासच घुटमळते आहे. ही दरी लक्षात घेता डिसेंबर 2024 मध्ये नियम शिथिल झाले. पदव्युत्तर शिक्षणाऐवजी पदवी पुरेशी ठरली, पाच वर्षांच्या अनुभवाची अट गेली आणि नक्त मालमत्तेच्या निकषाजागी ग्राहकसंख्येनुसार एक ते दहा लाख रुपयांची ठेव आली.

अनुभवाची चाळणी निघाल्याने सारा भार आता ‘एनआयएसएम’च्या दोन परीक्षांवर आहे. त्यांच्या अभ्यासक्रमाचा पाया वैयक्तिक वित्त नियोजन हाच : कुटुंबाचा जमाखर्च, कर्जाचे हप्ते, आणीबाणीचा निधी, विमा आणि मग गुंतवणूक. व्यवहारात हा क्रम बहुधा उलटतो. घरातील एकमेव कमावत्याचा मुदत विमा नसतो, क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढत असते आणि चर्चा चालते ती कोणता म्युच्युअल फंड घ्यावा याची. अशा वेळी ‘आधी थकबाकी फेडा’ असे सांगणे हे सल्लागाराचे काम. त्यावर कमिशन मिळत नाही. म्हणूनच तर त्याचे शुल्क थेट ग्राहकाकडून घेण्याचा नियम आहे.

जोखीम पेलण्याची क्षमता प्रश्नावलीने मोजता येते. बाजार कोसळल्यावर ग्राहक किती धीर धरेल, हे ओळखायला मात्र अशा दोन-चार पडझडी पाहाव्या लागतात. नवख्याने त्या वरिष्ठाच्या हाताखाली पाहाव्यात, अशी अट नव्या नियमांत नाही.