बारशाचा मुहूर्त



घरात बाळ आलं की भिंतीवरचं कॅलेंडर लगेच खाली येतं, पाहिलंय का कधी? आजी चष्मा लावते, बोटांवर दिवस मोजते आणि विचारते, "बारसं कधी करायचं?" खरं तर उत्तर नावातच आहे. बारसं म्हणजे बाराव्या दिवशीचं! पण आत्याला रजा नसली तर? बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं आणि पाठीत धपाटे खायचे, हा मान तिचाच ना! मग दुसरा दिवस शोधायला पंचांग उघडतात.

पंचांग म्हणजे पाच अंगं: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. वार सोडला, तर बाकीची चार सूर्य-चंद्राच्या जागांवरून गणितानं काढतात. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राच्या वाटेचे २७ सारखे भाग म्हणजे नक्षत्रं. एकेका भागात तो साधारण एक दिवस असतो. प्रत्येक नक्षत्राचे ४ चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. म्हणजे अक्षरं किती? २७ गुणिले ४, बरोबर १०८! बाळ जन्मलं त्या चरणाच्या अक्षरावरून पत्रिकेतलं नाव ठेवतात. अश्विनीची अक्षरं चू, चे, चो, ला. आणि आर्द्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आहे 'ङ'! 'ङ'वरून एखादं नाव शोधून दाखवा बरं! म्हणूनच तर कितीतरी घरांत पत्रिकेतलं नाव एक आणि हाक मारायचं दुसरंच असतं.

इथवर सगळी गंमत. आता माझ्या घरची एक गोष्ट सांगते.

माझी धाकटी बहीण जन्मली मूळ नक्षत्रावर. झालं! २७ दिवसांनी ते नक्षत्र पुन्हा येईल, तेव्हा शांत करायची आणि तोवर बाबांनी तिचं तोंड पाहायचं नाही, असं मोठ्यांनी ठरवलं. ती रडली की बाबा दाराबाहेर येरझाऱ्या घालायचे. मी आत-बाहेर करून त्यांना बातम्या द्यायचे, "आता झोपली", "आता जांभई दिली". नवव्या रात्री तिला सणकून ताप आला. आजीनंच तिला दुपट्यात गुंडाळलं, बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पळ, डॉक्टरांकडे!" त्या रात्री पंचांग कुणालाच आठवलं नाही.

बहीण बरी झाली. बाबांना काहीही झालं नाही. ते अजून म्हणतात, "माझे ते नऊ दिवस मला कोण परत देणार?"

आता तुम्हीच हिशेब करा. २७ नक्षत्रांतलं एक मूळ. म्हणजे ५४ मुलांच्या वर्गात सरासरी दोघं तरी मूळ नक्षत्रावरची असणारच. ती काय वाईट असतात? आणि हे मूळ आहे तरी काय? आकाशातल्या विंचवाची नांगी! मेच्या सुट्टीत रात्री अकरा-बाराला गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे पाहा. वाकडी शेपटी कशी छान चमकते! तिथले तारे इतके दूर आहेत, की आपल्या घरात कोण जन्मलं हे त्यांच्या गावीही नसतं.

मुहूर्त पाहून बारसं करायला काहीच हरकत नाही. सगळी माणसं जमतात, पाळणा सजतो, घुगऱ्या मिळतात! बारसं चार दिवस थांबेल. पण जन्मल्यावर लगेच द्यायच्या लसी थांबत नाहीत. जन्माची नोंदही २१ दिवसांच्या आत करायची असते, नाव ठरलं नसलं तरी. आणि बाबांचं बाळाला जवळ घेणं? त्याला तर कुठलाही क्षण चांगलाच!

आज घरी गेल्यावर आजीला विचारा, तुमचं बारसं कधी आणि कसं झालं ते. धपाटे कुणी कुणी मारले, तेही विचारायला विसरू नका हं!

तुमची,
मावशी