‘पहेली’तील न सुटलेले कोडे

अमोल पालेकर यांचा ‘पहेली’ २००५ साली प्रदर्शित झाला आणि भारताच्या वतीने ऑस्करसाठीही धाडला गेला. विजयदान देथा यांची ‘दुविधा’ ही राजस्थानी कथा त्याच्या मुळाशी आहे. तीवर मणि कौल यांनी १९७३ सालीच चित्रपट केला होता. व्यापाऱ्याचा मुलगा लग्नाच्या पहिल्या रात्री हिशेबाच्या चोपड्या उघडून बसतो आणि पाच वर्षांसाठी परगावी निघून जातो. मग त्याचे रूप घेतलेले भूत घरात येते.

हे व्यभिचाराचे उदात्तीकरण आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे. परंतु गौतमांचे रूप घेणाऱ्या इंद्राने आपली ओळख लपविली होती. हे भूत मात्र आपण कोण ते नववधूला आधीच सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपविते. तिचे मन विचारणारा पहिला जीव मनुष्य नसावा, हाच कथेचा खरा डंख. आपल्या परंपरेने अर्थ आणि काम या दोन्ही पुरुषार्थांना धर्माची मर्यादा घातली. या सासऱ्याने मुहूर्त पाहिला तो केवळ व्यापाराचा!

देथांच्या कथेत भूत पखालीत कोंडले जाते. पालेकरांनी ते नवऱ्याच्याच देहात शिरविले. प्रेक्षक सुखावला, पण नवरा बदललाच नाही. त्याच्या जागी दुसरा आला, इतकेच.

नायगावहून देगलूरमार्गे हैदराबादेकडे कामासाठी जाणारे नवविवाहित तरुण थोडे नाहीत. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकींत सुनेची कर्तव्ये पुष्कळ सांगून झाली. आता सणाला गावी आलेल्या मुलालाही तेथे बसवावे.