कुदळीला लागलेला प्रसाद

धाम नदीकाठच्या पवनारला गेलात, तर ब्रह्मविद्या मंदिरातली भरत-राम भेटीची मूर्ती सावकाश बघा. १९३८ साली प्रकृती पार खालावलेले विनोबा भावे पवनारला राहायला आले. नदीवरचा पूल ओलांडतानाच त्यांनी सगळ्या कामांचा भार मनातून उतरवून टाकला. अंगात त्राण नव्हतं, तरी रोज थोडी थोडी कुदळ मारायला त्यांनी सुरुवात केली. तब्येत सुधारत गेली आणि त्या खणण्यातच ही मूर्ती हाती आली. पवनार जुनं गाव, तिथे जुने दगड निघायचेच, असं कुणी म्हणेल. निघालेही, बाकीची शिल्पंही तिथे आहेत. पण विनोबांनी ही मूर्ती देवाची देणगी मानली आणि तिची भक्ती केली. मला यातला भरत फार मोलाचा वाटतो. राज्य हाती असून ‘हे माझं नव्हे’ म्हणत त्यानं ते सांभाळलं. पुढे १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दान मिळाली, तेव्हाही विनोबांनी त्यात ईश्वराचाच संकेत पाहिला आणि ते पुढच्या गावी जमीन मागायला निघाले. कृपा झाली की माणसानं कामाला लागावं, ही त्यांची रीत. आपल्या वर्धेकडे कपाशी चांगली फुटली की पहिलं बोंड देवापुढे ठेवणारा शेतकरी मला याच घराण्यातला वाटतो. याच रीतीनं, विनोबांनी पवनारला स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी १९५९ पासून प्रार्थनेइतक्याच निष्ठेनं शेतातही राबत आल्या आहेत.