पाय न टेकवता चढलेली टेकडी

मलबार हिलवर आता 'निसर्ग उन्नत मार्ग' आहे. 30 मार्च 2025 ला, ऐन गुढीपाडव्याला, तो सुरू झाला. झाडांच्या मधून जाणारा 485 मीटरचा लाकडी पूल. भारतीयांना 25 रुपये, परदेशी पाहुण्यांना 100. ऑनलाइन बुकिंग, एका तासाचा स्लॉट. एका ठिकाणी काचेच्या तळाचा सज्जा आहे, तिथून गिरगाव चौपाटी दिसते. रील झकास येते. फक्त या सगळ्यात तुमचा पाय टेकडीला एकदाही लागत नाही.

याला आपण 'जंगलात फेरफटका' म्हणतो आहोत, आणि माझं भांडण तिथून सुरू होतं.

गिरगाव म्हणजे गिरीच्या पायथ्याचं गाव, असं सांगतात. डोंगरी तर नावातच डोंगर घेऊन बसलीय. परळच्या गोलंजी टेकडीवर पालिकेचा जलाशय आहे. परळमध्येच वाढलेल्या किती जणांना ते नाव ठाऊक आहे, विचारून बघा. सात बेटांचं हे शहर टेकड्यांवर उभं राहिलं आणि मधल्या खाड्या बुजवायला त्यातल्याच काही फोडून खाल्ल्या. उरलेल्यांवर बंगले, टाक्या, राज्यपालांचं निवासस्थान. चाळीतल्या माणसाला टेकडी दिसायची ती 'वर' राहणाऱ्यांचा पत्ता म्हणून.

मग डोंगर हवा म्हणून आपण शुक्रवारी रात्री दादरहून बस पकडतो. कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. पावसाळ्यातल्या रविवारी तिथल्या लोखंडी शिड्यांखाली जी रांग लागते, ती सुपरफास्टच्या जनरल डब्यासमोर शोभावी. पुढच्याच्या बुटाकडे बघत चढायचं, वर सगळ्यांनी काढलेला फोटो काढायचा, मॅगी खायची, उतरायचं. उंची खरी, दमणं खरं. पण वाट कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली. मलबार हिलचा पूल आणि ही रांग यांत मला फरक दिसतो तो फक्त घामाचा.

याउलट आसनगाव किंवा कर्जतच्या पुढे उतरा आणि कुठलंही बिननावाचं टेपाड घ्या. दीडदोनशे मीटरचं. ज्यावर किल्ला नाही, देऊळ नाही, मॅपवर पिन नाही. दसऱ्यानंतर गवत कमरेएवढं, पिवळं पडलेलं. सुरुवातीला ढोरवाट मिळते. गुरं जिथवर चरतात तिथवर ती जाते आणि मग काही न सांगता संपते. इथून पुढे प्रत्येक पाऊल हा तुमचा निर्णय. गवताखाली दगड आहे की खळगा, हे पाय टेकवल्याशिवाय कळत नाही. करवंदीची जाळी आडवी आली की डावीकडून जायचं की उजवीकडून? पाणी कुठून वाहून गेलंय ते बघायला लागता, कारण तिथं माती धुऊन कातळ उघडा पडलेला असतो आणि कातळावर पाय ठरतो. माथा आला म्हणेपर्यंत मागे आणखी एक माथा. तासाभराचा मामला. वर सांगण्यासारखं काही नसतं, आणि लाइक मिळण्यासारखं तर अजिबात नाही. पण ती टेकडी तुम्हाला पायांनी पाठ झालेली असते. (गावात सांगून जा, उभ्या पिकात शिरू नका आणि सापांचं राज्य आहे हे लक्षात ठेवा. एवढं पुरे, गाइड नको.)

स्कॉटलंडच्या बेटांवर अशा बुटक्या, बिनवाटेच्या टेकड्या शेकड्यांनी आहेत. तिथं 2003 च्या कायद्यानं, बहुतेक जमिनीवर, मालक कुणीही असो, जबाबदारीनं चालायचा हक्क प्रत्येकाला दिलाय. तिकीट नाही, स्लॉट नाही. घरालगतची बाग, उभं पीक असे अपवाद आहेत. बाकी टेकडी चालणाऱ्याची.

"इथं ते कसं जमणार?" हा प्रश्न रास्त आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबई 1.24 कोटींची होती. एवढ्या पायांखाली मलबार हिलचं काय होईल, हे सांगायला नको. मलबार हिलवरचं दाट रान कुठं टिकलं? पारशांच्या डुंगरवाडीत, सुमारे 55 एकरांत, आणि ते टिकलं ते आपल्याला आत सोडलं नाही म्हणूनच. शिवाय ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना तो पूल म्हणजे वरदान. तेव्हा पूल पाडा असं मी म्हणत नाही. 25 रुपयेही जास्त नाहीत.

पण पूल हा एकच मार्ग का? एवढ्या मोठ्या शहरात एक उतार असा नको, जिथं पेव्हर ब्लॉक नाहीत, रेलिंग नाही, रंगीत दिवे नाहीत, 'सुशोभीकरण' हा शब्द ज्याच्या वाटेला गेलेला नाही? जिथं लालबागचं पोर पडेल, खरचटेल, उठेल आणि दुसऱ्या बाजूनं चढून बघेल? निसर्ग म्हणजे हात न लावता बघायची काचेतली वस्तू, हे आपण त्या पोराला 25 रुपये घेऊन शिकवतो आहोत.

तोवर शिवडीचा किल्ला आहे. स्टेशनवरून चालत जाता येतं. टेकाड लहानसंच आहे. वर तटावरून खाजण दिसतं, हिवाळ्यात फ्लेमिंगो असतात, आणि समोरून अटल सेतू 21.8 किलोमीटर पलीकडे निघून गेलेला. येत्या रविवारी कळसूबाईची बस सुटू द्या.