‘टुमारो’ केव्हा बदलतो?

मराठी माध्यमाच्या मुलाला ‘डायरेक्ट’चे ‘इन्डायरेक्ट’ करावयास सांगितले की तो अवतरणचिन्हे काढतो, ‘दॅट’ घालतो, क्रियापद एक पायरी मागे ढकलतो आणि पाठ केलेल्या कोष्टकाप्रमाणे ‘नाऊ’चे ‘देन’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’ करून मोकळा होतो. वाक्य कोण, कोठे, केव्हा सांगत आहे, हे त्याला विचारू नये. तो प्रश्न परीक्षेत नसतो.

कोष्टक खोटे नाही, अर्धे आहे. लोणावळ्याच्या एखाद्या शाळेत सोमवारी गुरुजी म्हणाले, ‘उद्या इथे परीक्षा आहे.’ लोकलने कामशेतला घरी परतलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी हे इंग्रजीत सांगावयाचे झाले, तर ‘हिअर’ बदललेच पाहिजे, कारण परीक्षा कामशेतला नाही. ‘टुमारो’ मात्र तसाच राहावा, कारण मंगळवार अजून उगवावयाचा आहे. परीक्षाही व्हावयाचीच असल्याने ‘इज’चे ‘वॉज’ केले नाही तरी बिघडत नाही. आठवड्याने शाळेच्या अंगणात तोच मुलगा तेच सांगू लागला, तर नेमके उलट होते: ‘हिअर’ टिकतो, ‘टुमारो’ जातो आणि ‘वॉज’ लागतो. सांगणारा कोठे व केव्हा उभा आहे यावर सारे अवलंबून असते, आणि कोष्टकात नेमके तेच नसते.

त्यातून मुलाची स्वतःची भाषा निराळ्या वळणाची. ‘गणपत म्हणाला, की मी उद्या येईन’ या वाक्यात मराठी गणपतचा ‘मी’ही हलवीत नाही आणि ‘येईन’ही. ‘येतो म्हणून सांगून गेला’ हेही त्याच जातीचे. साहजिकच मुलगा इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय विल कम’ लिहितो आणि तांबडी शाई ओढवून घेतो. ती चूक खरीच. परंतु ती आळसातून आलेली नाही, शुद्ध मराठीतून आली आहे. एवढे जरी त्याला कोणी सांगितले, तरी इंग्रजी आपल्या नशिबात नाही असे तो समजणार नाही.

मराठीची ही रीत निर्धोक आहे असेही नाही. वडगावच्या तहसील कचेरीत कारकुनाने ‘अर्जदाराने सांगितले की मी हप्ता भरला आहे’ असे टिपून ठेवले, तर हप्ता अर्जदाराने भरला की कारकुनाने? बोलताना सूर सांभाळून घेतो, कागदाला सूर नसतो. त्यावर मराठीने फार सुंदर तोड काढली आहे: ‘आपण हप्ता भरला आहे, असे अर्जदाराने सांगितले.’ हा ‘आपण’ बोलणाऱ्याकडेच बोट दाखवितो. इंग्रजीच्या ‘ही’ला ते साधत नाही. आणि आपली वृत्तपत्रे मात्र ‘मंत्री म्हणाले की ते उद्या येतील’ असे छापतात! ते म्हणजे कोण, हे वाचकाने ओळखावयाचे. इंग्रजीच्या शिकवणीत मराठीचे हे असे व्हावे, याचे वैषम्य मराठीच्या शिक्षकांना तरी वाटावयास हवे.

शेजारच्या पिंपरी-चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली, हे ठीकच. परंतु लोणावळ्याच्या हॉटेलात नोकरीस लागलेल्या मावळच्या तरुणाला पाहुण्याचा निरोप व्यवस्थापकाकडे पोहोचवावयाचा असतो. पाहुणा ‘उद्या’ म्हणाला तो कोणत्या दिवशी, आणि ‘इथे’ म्हणजे कोणत्या दारी, हे चुकले तर कोष्टक पाठ असल्याचा उपयोग काय?

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी अशा प्रत्येक वाक्याखाली एक ओळ छापावी: हे वाक्य दुसऱ्या दिवशी, घरी, आईला सांगा. आणि दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी हा एक धडा तरी एकत्र बसून, फळ्यावर मराठी व इंग्रजी वाक्ये शेजारी शेजारी लिहून शिकवावा. त्याला सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.